फवारणाऱ्याच्या अंगातले विष : काय करावे, काय टाळावे

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. या कसमादे पट्ट्यात पूर्वहंगामी द्राक्षाची छाटणी भर पावसाळ्यात होते. पाऊस आला की डावणी आली, आणि डावणी आली की दिवसाआड पंप सुरू. डाळिंबाला तेल्याची धास्ती, कांद्याला करपा आणि थ्रिप्सची. वर्षाचे बाराही महिने शिवारात कुठे ना कुठे औषध मारणे चालूच असते.

इथल्या बागायतदाराला प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी तोंडपाठ असतो. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे, म्हणजे बागेतल्या भाषेत लिहोसिनचे, अंश सापडले. कंटेनर अडकले आणि कित्येक बागायतदार कर्जात गेले. तो फटका कोणी विसरलेले नाही. निर्यातीचा घड आज प्रयोगशाळेतून पास झाल्याशिवाय बागेबाहेर पडत नाही.

पण औषध घडावर बसते तसे फवारणाऱ्याच्या अंगावरही बसते. घडातला अंश उतरायला जसे दिवस लागतात, तसेच माणसाच्या शरीरालाही लागतात. ते दिवस कोणी मोजत नाही. विष अंगात कुठून शिरते, आत काय करते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे कळले तर पुढची प्रत्येक सूचना आपोआप पटेल.

१. विष आत शिरताना

फवारणी करणाऱ्याच्या अंगात विष सर्वांत जास्त जाते ते कातडीतून. तोंड आणि नाक त्यानंतर. शिवाय सगळी कातडी सारखी नसते. अमेरिकेत १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या अभ्यासात, हाताच्या पुढच्या भागावर लावलेल्या औषधापैकी सुमारे ९ टक्के शरीरात शिरले. डोक्याच्या कातडीतून ३२ टक्के, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि अंडकोषावरच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. मांडवाखाली उभे राहून वर फवारले की औषध डोक्यावर आणि कपाळावर परत गळते. पाठीवरचा पंप गळका असला की पँट भिजते, आणि तीही नेमकी जांघेत.

*काय करावे*

- डोके पूर्ण झाकेल अशी टोपी आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल वापरा. मांडव किंवा वाय पद्धतीच्या बागेत बुटांइतकीच टोपीही महत्त्वाची आहे.
- नायट्राइलचे हातमोजे घाला. वरच्या दिशेने फवारताना मोजा बाहीच्या वर ओढा आणि त्याची कड बाहेर दुमडा. हातावरून ओघळणारे पाणी त्या दुमडीत अडते, कोपराकडे जात नाही.
- पँट गमबुटाच्या बाहेर सोडा. आत खोचली तर ओघळ थेट बुटात उतरतो आणि दिवसभर पाय त्यात भिजत राहतो.
- द्रावण तयार करताना सर्वांत जास्त जपा. बाटलीतले औषध पंपातल्यापेक्षा शेकडो पट तीव्र असते. बाटली फोडणे, मोजणे आणि ओतणे ही कामे मोजे, ढाल आणि एप्रन घालूनच करा.
- बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी. निळा आणि हिरवा त्यांच्या खालचे. तेच काम निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाच्या औषधाने होत असेल तर दुकानात तेच मागा.
- अंगावर औषध सांडले तर पंप तिथेच ठेवा, कपडे काढा आणि साबणाने धुवा. ओळ संपण्याची वाट पाहू नका. कातडीवर औषध जितका वेळ राहते तितका वेळ ते आत झिरपत असते.

*काय टाळावे*

- ड्रममधले द्रावण हाताने ढवळू नका. काठी ठेवा, आणि ती काठी दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरू नका.
- तुंबलेला नोझल तोंडाने फुंकू नका. तार किंवा जुना टूथब्रश जवळ ठेवा.
- तोंडाला नुसता सुती रुमाल बांधून निर्धास्त राहू नका. रुमाल भिजतो आणि औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो. औषधाच्या वाफेसाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो.
- मध्येच थांबून तंबाखू मळू नका. चुना लावलेल्या तळहातावर अंगठ्याने रगडलेल्या त्या चिमटीत बोटांवरचे सगळे औषध मिसळते आणि ओठाखाली जाऊन बसते. तिथली कातडी पातळ असते. विडीचेही तेच.
- भर उन्हात फवारू नका. तापलेल्या, घामेजल्या कातडीतून औषध लवकर शिरते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने तर कधीच फवारू नका.
- मोरचूद-चुन्याचे बोर्डो जुने आणि ओळखीचे आहे म्हणून त्याचा फवारा हुंगत राहू नका. वर्षानुवर्षे बोर्डो फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसाचा आजार पोर्तुगालमधल्या डॉक्टरांनी १९६९ सालीच नोंदवला आहे.

२. विष अंगात असताना

रक्तात आलेले औषध यकृतात पोहोचते. यकृत त्याची मोडतोड करते आणि ते पाण्यात विरघळेल असे बनवते, म्हणजे मूत्रपिंडाला ते गाळून टाकता येते. पण काही औषधांच्या बाबतीत या मोडतोडीच्या पहिल्या पायरीवर मूळ औषधाहून जहाल पदार्थ तयार होतो. क्लोरपायरीफॉसचे असेच होते. म्हणून शेतात ठणठणीत असलेल्या माणसाला कधी कधी घरी पोहोचल्यावर, रात्री त्रास सुरू होतो.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सारी ऑर्गनोफॉस्फेट गटातली. ती आपल्या नसांमधले कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. स्नायूला आकुंचनाचा निरोप मिळाला की तो निरोप पुसण्याचे काम हे एन्झाइम करते. ते बंद पडले की निरोप पुसला जात नाही. मग डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, छाती कफाने भरते आणि स्नायू फडफडतात.

आता दिवसांचा हिशेब. क्लोरपायरीफॉसचा अंगातला अंश निम्मा व्हायला सुमारे २७ तास लागतात. निम्म्याचा निम्मा, त्याचा पुन्हा निम्मा असे पाच वेळा झाले की जवळजवळ ३ टक्के उरतो. याला साडेपाच दिवस लागतात. त्याआधीच पुन्हा पंप पाठीवर घेतला तर जुन्यावर नवे चढते. एन्झाइमचा हिशेब याहून लांब आहे. तांबड्या पेशींतले बंद पडलेले एन्झाइम परत पूर्ण व्हायचे तर नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. म्हणजे विष लघवीवाटे निघून गेल्यावरही शरीर कित्येक आठवडे अधू राहते. अशा वेळी एरवी पचून गेला असता एवढा थोडा डोसही माणसाला आडवा करू शकतो.

*काय करावे*

- फवारणीची पाळी लावा. एकाच माणसाने सलग औषध मारण्यापेक्षा दोघातिघांत काम वाटून घ्या आणि प्रत्येकाला मध्ये मोकळे दिवस द्या.
- फवारणीच्या वहीत औषध, मात्रा आणि तारखेसोबत फवारणाऱ्याचे नावही लिहा. कोणाच्या अंगावर किती फवारण्या झाल्या हे महिनाअखेरीस एका नजरेत दिसेल.
- थकवा, डोकेदुखी, अंधुक दिसणे, भूक मंदावणे, झोप उडणे यांपैकी काही हंगामात वाढले तर डॉक्टरांना आधी सांगा की मी औषध मारतो. तुम्ही सांगितले नाही तर डॉक्टर उपचार पित्ताचा किंवा अशक्तपणाचा करतील.
- छाटणीनंतर पेस्टिंग करणाऱ्या प्रत्येक मजुराला दारूविषयी स्पष्ट सांगा. डोळे फुटावेत म्हणून काडीवर लावतात ते हायड्रोजन सायनामाइड, म्हणजे डॉरमेक्स, अंगात दारू पचवणारे एन्झाइम अडवते. मग दारूपासून बनणारा ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतो. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारूचा थेंबही नको.

*काय टाळावे*

- दोन-तीन कीटकनाशके, एखादे बुरशीनाशक आणि वर टॉनिक असे मनाने मिसळू नका. यकृताची हीच मोडतोड यंत्रणा सगळ्यांना वापरायची असते. एका औषधाने ती अडवली की दुसरे जास्त वेळ जहाल राहते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तिथे कपाशी डोक्याच्या वर वाढली होती आणि अनेकांच्या पंपात अशीच मिश्रणे होती. डोक्याच्या वर पीक आणि पंपात मिश्रण, हे चित्र आपल्या मांडवाखालीही तेच आहे.
- ‘मला सवय आहे, मला काही होत नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. शरीराला विषाची सवय होत नाही. एन्झाइमची शिल्लक हळूहळू घटते आणि ती संपत आल्यावरच त्रास दिसतो.
- शीण घालवायला फवारणीनंतर दारू घेऊ नका, मग औषध कोणतेही असो.
- आजारी, उपाशी किंवा अंगावर जखम असलेल्या माणसाला पंप देऊ नका. गरोदर बाईला आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तर नाहीच नाही.

३. विष बाहेर पडताना

शरीरातून विष बाहेर पडण्याच्या मुख्य वाटा दोन. पाण्यात विरघळणारे अंश मूत्रपिंडातून लघवीत जातात. बाकीचे यकृतातून पित्तात आणि पित्तातून शौचावाटे जातात. बोर्डोतले तांबे याच दुसऱ्या वाटेने जाते. मँकोझेबपासून अंगात तयार होणारे इथिलीनथायोयुरिया लघवीत सापडते, आणि ते थायरॉईडला त्रासदायक असते. वायुरूप विषे श्वासावाटे जातात. घामाची वाट अगदी किरकोळ आहे.

सगळीच विषे दिवसांत जात नाहीत. डीडीटीसारखी चरबीत मुरणारी विषे वर्षानुवर्षे राहतात. शिसे रक्तातून महिन्याभरात निम्मे होते, पण हाडात गेलेले शिसे निघायला दशके लागतात. अशा विषांपुढे इलाज एकच : मुळात अंगात जाऊ न देणे.

*काय करावे*

- दिवसभर पुरेसे पाणी प्या. मूत्रपिंड रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. हे काम नीट चालायला शरीरात पाणी हवे. पाण्याचा हंडा मात्र बागेबाहेर, झाकून, औषधापासून दूर ठेवा आणि हात धुऊनच तांब्या उचला.
- काम संपताच आंघोळ करा. साबण भरपूर, पाणी साधे किंवा कोमट. नखे, कानामागची जागा, केस, काखा, जांघा नीट धुवा.
- लघवीला जाण्याआधी हात धुवा. पुरुषांच्या अंगातली सर्वांत जास्त शोषणारी कातडी कोणती ते वर आलेच आहे.
- वेळेवर पोटभर जेवा. यकृत ज्या पदार्थांच्या मदतीने विष निकामी करते, ते बनवायला प्रथिने लागतात. भाकरीसोबत डाळ, मठ, अंडी, दूध असे नेहमीचे सकस जेवण पुरते.

*काय टाळावे*

- डिटॉक्सचे चूर्ण, काढे, पायाला लावायच्या पट्ट्या यांवर पैसे घालवू नका. यकृत आणि मूत्रपिंड आपले काम करतातच. बाहेरच्या कुठल्या पुडीने ते दुप्पट वेगाने होत नाही. काही काढेच यकृताला इजा करतात.
- ‘फवारणीआधी गूळ खाल्ला, नंतर दूध प्यायले की औषध बाधत नाही’ या भरवशावर मोजे काढून ठेवू नका. कातडीतून रक्तात गेलेल्या विषापर्यंत पोटातला गूळ आणि दूध पोहोचत नाही.
- घाम गाळून विष निघेल म्हणून उन्हात राबू नका. घामाने विष जवळजवळ जात नाही, पाणी मात्र जाते. मग लघवी कमी होते आणि विषाची खरी वाटच मंदावते.
- जुलाबाची औषधे आणि कडक उपास करू नका. झपाट्याने वजन उतरले की चरबीत साठलेले अंश पुन्हा रक्तात येतात.

४. विषबाधा झालीच तर

उन्हाचा झटका आणि औषधाची बाधा यांत घोटाळा होतो. डोळ्यांच्या बाहुल्या बघा. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील, तोंडातून लाळ गळत असेल, छातीत घरघर असेल तर ते ऊन नव्हे, विष आहे.

*काय करावे*

- माणसाला बागेबाहेर मोकळ्या हवेत आणा. हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून त्याचे कपडे काढा आणि साबणाने अंग धुवा. वाचवणाऱ्यालाही बाधा होते.
- डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५ मिनिटे डोळे धुवा.
- १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
- औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या. मिश्रण असेल तर प्रत्येकाचे. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही उताऱ्याची औषधे कधी, किती द्यायची हे त्यावर ठरते. प्रॅलिडॉक्सिम वेळेत द्यावे लागते, कारण काही तासांनी विष एन्झाइमला कायमचे चिकटते.
- सटाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात, मालेगावच्या सामान्य रुग्णालयात, जवळच्या खासगी दवाखान्यात कोणत्या सोयी आहेत, व्हेंटिलेटर कुठे आहे, हे हंगामाआधीच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता रस्त्यावर हा प्रश्न पडू नये.
- दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

*काय टाळावे*

- मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नका. ईसी प्रकारच्या औषधांत पेट्रोलियमजन्य द्रावक असतो. तो उलटीबरोबर फुप्फुसात गेला तर दुसरे संकट उभे राहते. दूध, तूप, ताक, लिंबूपाणी काहीही पाजू नका.
- बरे वाटले म्हणून पहिल्याच दिवशी घरी नेऊ नका. ऑर्गनोफॉस्फेटच्या बाधेनंतर १ ते ४ दिवसांत मान उचलवेनाशी होणे, श्वासाचे स्नायू थकणे असे दुसरे आक्रमण येऊ शकते. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.
- पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेले असेल तर ‘आता तर ठीक दिसतोय’ म्हणून घरी थांबू नका. ते फुप्फुसात साठत जाते आणि त्यावर उतारा नाही. जे काही करता येते ते पहिल्या काही तासांतच.
- मांत्रिकाकडे किंवा मंदिरात आधी नेऊ नका. श्रद्धा घरी परतल्यावर.

५. घर, लेकरे आणि कपडे धुणारी बाई

*काय करावे*

- फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, वेगळ्या बादलीत मोजे घालून धुवा आणि वेगळ्या दोरीवर वाळत घाला. पंप पाठीवर न घेताही घरातल्या बाईच्या अंगात विष जाते ते या कपड्यांतून.
- विरळणीला, डिपिंगला येणाऱ्या बायकांना आदल्या दिवशी काय फवारले ते सांगा. ओल्या बागेत त्यांना शिरू देऊ नका. जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) भांड्यात दिवसभर हात घालणाऱ्यांना मोजे द्या.
- अंगावर पिणारे मूल असेल तर आईने आंघोळ करून, साडी बदलूनच त्याला जवळ घ्यावे. दूध बंद करू नये, आईच्या दुधाचा फायदा मोठा आहे.
- रिकामी बाटली तीन वेळा विसळा, विसळलेले पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोके पाडा.

*काय टाळावे*

- औषधाच्या डब्यात तेल, रॉकेल, धान्य काहीही भरू नका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावातल्या शाळेत २३ मुले दुपारचे जेवण जेवून दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते.
- तान्ह्या मुलाला पंपाच्या खोलीत, बागेच्या कडेला झोळीत ठेवू नका. ऑर्गनोफॉस्फेट निकामी करणारे एक महत्त्वाचे एन्झाइम लहान मुलांत मोठ्यांपेक्षा बरेच कमी असते.
- झोपायच्या खोलीत धान्याला सेल्फॉसच्या गोळ्या लावू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपेतच जीव घेतो आणि त्याला उतारा नाही.
- बाटल्या जाळू नका, आरम किंवा मोसम नदीच्या पात्रात फेकू नका.

६. बागायतदाराने करायचे एक काम

कीटकनाशक नियम १९७१ सालचे आहेत. फवारणीच्या कामावरील माणसांची वैद्यकीय तपासणी करावी असे त्यात लिहिले आहे. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट हाताळणाऱ्यांच्या रक्तातले कोलिनएस्टरेज दर महिन्याला मोजावे असेही आहे. कॅलिफोर्नियात तांबड्या पेशींतले हे एन्झाइम मूळ पातळीच्या ७० टक्क्यांवर उतरले की माणसाला फवारणीवरून हटवावे लागते, आणि ८० टक्क्यांपर्यंत परतल्याशिवाय पंप हातात देता येत नाही.

*काय करावे* : छाटणीच्या आधी, पहिली फवारणी व्हायच्या अगोदर, आपल्या सालदाराची आणि औषध मारणाऱ्या प्रत्येकाची कोलिनएस्टरेज तपासणी करून घ्या. ती त्याची मूळ पातळी. हंगामाच्या मध्यात पुन्हा करा आणि ताडून बघा. खर्च बागेच्या हिशेबात लिहा, मजुराच्या उचलीत नको.

*काय टाळावे* : अहवालात घट दिसल्यावर ‘एवढी एक फवारणी होऊ दे’ म्हणू नका. माणूस बदला, कातडीवर औषध कुठून पडते ते शोधा, गळका पंप दुरुस्त करा.

घडाचा अहवाल नापास झाला तर आपण तोडणी पुढे ढकलतो. कोणी कुरकुरत नाही, कारण नियमच तसा आहे. औषध मारणाऱ्या माणसाच्या अहवालालाही तोच नियम लावा. सटाण्याच्या सोसायट्यांनी, निर्यातदारांनी आणि बागायतदारांनी ठरवले तर येत्या छाटणीपासूनच हे सुरू होऊ शकते.